दंतवैद्यक विद्यार्थ्यांचे प्रतिनिधित्व : खानदेशाच्या संदर्भात

व्यवसायांच्या इतिहासात त्या व्यवसायाचे शिक्षण घेणाऱ्या वर्गाकडे सहसा दुर्लक्ष होते. दंतवैद्यकाच्या बाबतीत ही उणीव विशेष जाणवते. या शाखेचा विद्यार्थी केवळ श्रोता नसतो. अभ्यासक्रमाच्या उत्तरार्धात तो शिक्षकांच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष रुग्णांवर उपचार करतो. तेव्हा त्याच्या वतीने कोणी बोलावे, हा प्रश्न गौण मानता येत नाही.

भारतातील पहिले दंत महाविद्यालय डॉ. रफिउद्दीन अहमद यांनी १९२० साली कलकत्त्यास काढले. मुंबईस नायर रुग्णालयाचे दंत महाविद्यालय १९३३ साली सुरू झाले. या शिक्षणास देशव्यापी कायद्याचे अधिष्ठान १९४८ च्या दंतवैद्य अधिनियमाने दिले व तदनुसार १९४९ साली भारतीय दंत परिषद अस्तित्वात आली. तिच्यात नोंदणीकृत दंतवैद्य, महाविद्यालयांचे प्रमुख, विद्यापीठे, राज्य सरकारे व केंद्र सरकार यांस स्थान होते, विद्यार्थ्यास नव्हते.

याच सुमारास युरोपात निराळा प्रयत्न झाला. पॅरिस येथे १९०० साली स्थापन झालेला आंतरराष्ट्रीय दंतवैद्यक महासंघ व्यावसायिकांचा होता. विद्यार्थ्यांची आंतरराष्ट्रीय संघटना १९५१ साली कोपनहेगन येथे निघाली. वैद्यकीय विद्यार्थ्यांचा महासंघही त्याच वर्षी त्याच शहरी स्थापन झाला. महायुद्धाने तुटलेले विद्यासंबंध पुन्हा जोडावयाचे, हा त्या काळाचा ध्यास होता. विद्यार्थ्यांची परदेशांतील महाविद्यालयांशी देवाणघेवाण आणि वार्षिक अधिवेशन ही दंतवैद्यक संघटनेची प्रमुख कार्ये होत. तिचा व्यवहार मुख्यतः देशोदेशींच्या विद्यार्थी संघटनांमार्फत चालतो. तिचे बळ यात आहे, आणि मर्यादाही यातच आहे. एखाद्या जिल्ह्याच्या गावचा विद्यार्थी तेथवर पोहोचावयाचा तर मधला दुवा भक्कम हवा. शिवाय ती ठराव करू शकते. कोणत्याही देशाचा अभ्यासक्रम बदलण्याचा अधिकार तिला नाही.

खानदेशात हा मधला दुवा कसा आहे? १९०६ साली या जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे विभाजन झाले. त्यांतूनच पुढे जळगाव व धुळे हे जिल्हे आले. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले. धुळ्यास जवाहर मेडिकल फाउंडेशनचे अण्णासाहेब चुडामण पाटील स्मृति दंत महाविद्यालय आहे. परंतु १९९८ साली नाशिक येथे महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ निघाले आणि राज्यातील आरोग्यशिक्षण त्याच्या कक्षेत आले. यामुळे धुळ्याचा दंतवैद्यक विद्यार्थी राज्यभरच्या समव्यवसायी विद्यार्थ्यांशी जोडला गेला, हा लाभ होय. पण खानदेशातील इतर शाखांच्या विद्यार्थ्यांशी असणारे विद्यापीठीय नाते त्यास राहिले नाही.

निवडीची पद्धतही विचारात घ्यावयास हवी. १९९४ च्या महाराष्ट्र विद्यापीठ अधिनियमाने विद्यार्थी परिषदेवरील निवड मतदानाऐवजी गुणवत्तेवर सोपविली. २०१६ च्या अधिनियमाने निवडणुकीची तरतूद पुन्हा केली. मात्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ स्वतंत्र कायद्याखाली असल्याने ती त्यास लागू नाही. परीक्षेतील गुण हे अभ्यासाचे प्रमाण असतात. सहाध्यायांच्या विश्वासाचे प्रमाण मतच देऊ शकते.

२०२३ साली दंत परिषदेच्या जागी आयोग आणणारा राष्ट्रीय दंत आयोग अधिनियम संमत झाला. त्यातही विद्यार्थ्यासाठी स्वतंत्र आसन नाही. १९४८ साली राहिलेली उणीव अशा रीतीने पंचाहत्तर वर्षांनंतरही कायम राहिली. आंतरराष्ट्रीय संघटना ती एकटी भरून काढू शकत नाही. धुळ्याच्या विद्यार्थ्याचे म्हणणे महाविद्यालयातून विद्यापीठाकडे, तेथून देशाच्या नियामक संस्थेकडे नियमित मार्गाने जाईल, तेव्हाच जागतिक अधिवेशनात त्याच्या नावे उच्चारलेल्या शब्दास आधार लाभेल.