ॲज यू लाइक इट

विल्यम शेक्सपिअर (१५६४–१६१६) याची पाच अंकी सुखात्मिका. तिचा लेखनकाळ सामान्यतः १५९९-१६०० मानला जातो. ऑगस्ट १६०० मध्ये लंडनच्या मुद्रक-प्रकाशक संघाच्या नोंदवहीत तिचे नाव आढळते. छापील संहिता मात्र १६२३ च्या ‘फर्स्ट फोलिओ’त, म्हणजे नाटककाराच्या मृत्यूनंतर निघालेल्या त्याच्या नाटकांच्या पहिल्या एकत्रित ग्रंथात, प्रथम आली. मेंढपाळांच्या साध्या जीवनाचे आदर्श चित्र रंगवून त्याच्या उजेडात दरबारी आयुष्याचा खोटेपणा दाखविणारी गोपकाव्याची परंपरा ग्रीक-लॅटिन काळापासून चालत आली असून हे नाटक त्या परंपरेतले आहे आणि तिची थट्टा करणारेही आहे.

कथानक : ड्यूक फ्रेडरिकने थोरल्या भावाचे राज्य बळकावले असून पदच्युत ड्यूक मोजक्या सरदारांसह आर्डनच्या अरण्यात राहतो, त्याची मुलगी रोझलिंड चुलत बहीण सीलिया हिच्या सोबतीसाठी दरबारातच ठेवलेली असते. दुसरीकडे सर रोलंड द बॉइसचा धाकटा मुलगा ऑर्लँडो याला थोरला भाऊ ऑलिव्हर शिक्षणापासून वंचित ठेवतो आणि कुस्तीत त्याचा काटा निघावा म्हणून दरबारी मल्ल चार्ल्सला चिथावतो. ऑर्लँडो कुस्ती जिंकतो, तो आणि रोझलिंड प्रेमात पडतात आणि लवकरच दोघांनाही वेगवेगळ्या वाटांनी परागंदा व्हावे लागते. रोझलिंड ‘गॅनिमीड’ नावाने पुरुषवेष घेते, सीलिया ‘एलिएना’ होते आणि विदूषक टचस्टोन त्यांच्याबरोबर निघतो. ऑर्लँडोसोबत ऐंशीच्या घरातला सेवक ॲडम आपली पाचशे क्राउनची पुंजी घेऊन येतो. दुसरा अंक संपेपर्यंत ऑलिव्हर सोडून बहुतेक सर्व प्रमुख पात्रे अरण्यात पोहोचलेली असतात, आणि त्यानंतर घडते ते मुख्यत्वे बोलण्यात. झाडांवर प्रेमकविता टांगत हिंडणाऱ्या ऑर्लँडोला गॅनिमीड सुचवितो, की त्याने आपल्यालाच रोझलिंड समजून रोज प्रणयाराधन करावे, म्हणजे प्रेमाचा आजार बरा होईल. मेंढपाळ सिल्व्हियस जिच्यामागे झुरतो ती फीबी याच गॅनिमीडवर भाळते. पुढे ऑर्लँडोला शोधत आलेल्या ऑलिव्हरला ऑर्लँडोच सिंहिणीपासून वाचवितो, दोघांचा समेट होतो आणि सीलिया व ऑलिव्हर यांचे प्रेम पाहता पाहता जमते. विवाहदेवता हायमेनच्या उपस्थितीत चार जोडप्यांचे विवाह होतात. चौथे जोडपे टचस्टोन आणि शेळ्या राखणारी ऑड्री यांचे. फ्रेडरिकला एका वृद्ध धर्मनिष्ठाच्या भेटीने उपरती होऊन पदच्युत ड्यूकला राज्य परत मिळाल्याची वार्ता येते. विषण्ण वृत्तीचा सरदार जेक्विस मात्र या सोहळ्यात न रमता फ्रेडरिककडे निघून जातो.

आधार : मूळ कथा टॉमस लॉज याच्या ‘रोझलिंड’ (१५९०) या गद्य प्रेमकथेतली, ती समुद्रप्रवासात लिहिल्याचे लॉज स्वतः सांगतो. लॉजच्या मागे चौदाव्या शतकातील ‘गॅमेलिन’ ही पद्यकथा आहे, जिच्यात भावांचे वैर, कुस्ती, सेवक ॲडम आणि अरण्यवास आहे, पण प्रेमकथा नाही. नाटकाचे मर्म कळते ते शेक्सपिअरने लॉजमध्ये केलेल्या फेरबदलांतून. लॉजकडे राज्य बळकावणारा लढाईत मारला जातो, इथे त्याचे मनःपरिवर्तन होते. लॉजकडे राजघराण्यातले वैरी भाऊ नसतात, इथे ते आहेत, त्यामुळे दरबारातील कलह घरातील कलहाचे प्रतिबिंब ठरतो. लॉजने थोरल्या भावाला गुंडांच्या हातून नायिकेच्या मैत्रिणीची सुटका करायला लावून त्यांच्या प्रेमाला कारण दिले होते. शेक्सपिअरने तो प्रसंग गाळला, आणि सीलिया-ऑलिव्हर प्रेमाच्या घाईबद्दल टीकाकारांनी घेतलेला आक्षेप बहुधा या काटछाटीचेच फळ आहे. कुस्ती रंगमंचावर होते, पण सिंहीण आणि उपरती दोन्ही केवळ निवेदनातून कळतात. वाचलेली जागा जेक्विस, टचस्टोन आणि ऑड्री या लॉजमध्ये नसलेल्या पात्रांना आणि निम्म्याहून अधिक गद्यात असलेल्या संवादांना मिळाली आहे.

स्थळ : लॉजचे अरण्य फ्रान्समधील आर्देन होय, शेक्सपिअरच्या जन्मगावाजवळही आर्डन नावाचा वनप्रदेश होता व त्याच्या आईचे माहेरचे आडनावही तेच होते. नाटकातील अरण्य या दोहोंपैकी कोणते, यावर अभ्यासकांत एकमत नाही.

प्रयोग : त्या काळी स्त्रीभूमिका मुलगे करीत, म्हणजे मुलगा रोझलिंड होई, रोझलिंड गॅनिमीड होई आणि गॅनिमीड पुन्हा रोझलिंडचे सोंग घेई, नाटकाचे भरतवाक्यही रोझलिंडच्याच तोंडी आहे. १९६७ मध्ये लंडनच्या नॅशनल थिएटरने केवळ पुरुष नटांसह नाटक सादर केले.

चित्रपट : १९३६ (ऑर्लँडो : लॉरेन्स ऑलिव्हिए) आणि २००६ (दिग्दर्शक : केनेथ ब्रॅना).