अक्षयनीवी: एकरकमी पैसे आणि जन्मभराची सोय

पुण्या-मुंबईतून निवृत्त होणाऱ्या जुन्नर-आंबेगावच्या माणसांपुढे पूर्वी एकच वाट असायची, गावी घर बांधायचं. आता दुसरीही आली आहे: ज्येष्ठांसाठीच्या वसाहतीत घर. सुरुवातीला मोठी रक्कम द्यायची, नंतर दरमहा देखभाल खर्च, आणि त्या बदल्यात जेवण, दवाखाना, सोबत, सुरक्षा. माझ्या एका चुलत्यांनी असंच एक माहितीपत्रक माझ्यापुढे ठेवलं आणि म्हणाले, ‘‘तू इतिहासवाली, तुला काय कळणार म्हणा, पण बघ.’’ मी बघितलं. वाचता वाचता लक्षात आलं की असा व्यवहार मी गेली काही वर्षं दगडावर वाचत आले आहे.

जुन्नरच्या डोंगरांत दोनशेहून जास्त लेणी आणि तीसेक शिलालेख आहेत. भगवानलाल इंद्रजी आणि बर्जेस यांनी 1881 मध्ये ते छापले, पुढे 1912 मध्ये ल्यूडर्सच्या यादीत त्यांना क्रमांक मिळाले. बरेचसे लेख अमक्याने लेणं दिलं, तमक्याने पाण्याची पोढी दिली, इतकेच आहेत. काहींत मात्र ‘अखयनिवि’ हा शब्द येतो. नीवी म्हणजे मुद्दल. अक्षयनीवी म्हणजे जिला हात लावायचा नाही अशी मुद्दल; ती कुणाकडे तरी गुंतवायची आणि फक्त उत्पन्न वापरायचं. शहरातल्या धर्मोत्तरीय पंथाच्या भिक्खुणींच्या निवासासाठी अशी एक नीवी आहे. अदुथुम नावाच्या एका शकाने दोन शेतांचं उत्पन्न एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिकांच्या संघाकडे, सोपवलं. एक शेत करंजाच्या झाडांसाठी, दुसरं वडांसाठी. (करंजाच्या बियांचं तेल दिव्यात जळतं, म्हणून मला ही दिवाबत्तीची तरतूद वाटते. पण हा माझा अंदाज आहे, लेखात तसं लिहिलेलं नाही.) आणखी एका तुटक्या लेखात बांबूकाम करणाऱ्यांची आणि कासारांची श्रेणी येते.

इथे एक इशारा देऊन ठेवते. भिक्खूंची लेणी म्हणजे ज्येष्ठांची वसाहत नव्हे. तिथे राहणारे म्हातारे असायलाच हवेत असं नाही, आणि पैसे देणारा वेगळा, राहणारा वेगळा. तुमच्या संशोधन प्रस्तावात ‘प्राचीन भारतातील वृद्धाश्रम’ असलं काही लिहिलंत तर मार्गदर्शक लाल पेन काढतील आणि ते बरोबरच असेल. तुलना हेतूची करायची नाही, यंत्रणेची करायची. आज दिलेल्या रकमेतून उद्याचं, परवाचं, वीस वर्षांनंतरचं जेवण आणि औषध कसं निघतं, ही यंत्रणा दोन्हीकडे एकच आहे.

जुन्नरचे लेख त्रोटक आहेत, त्यामुळे हिशेब बघायला नाशिकला जावं लागतं. ही उडी मनमानी नाही. मनमोडीच्या डोंगरात महाक्षत्रप नहपानाचा अमात्य अयम याचा 46 व्या वर्षाचा लेख आहे. नाशिकच्या लेण्यात त्याच नहपानाचा जावई उषवदात याचा 42 व्या वर्षाचा. (ही वर्षं कुठल्या संवताची, यावर अजून वाद आहे. पहिलं-दुसरं शतक म्हणून पुढे जाऊ.) म्हणजे राज्य एक आणि काळही एक.

उषवदाताने 3000 कार्षापण गोवर्धनच्या विणकरांच्या दोन श्रेणींकडे ठेवले. एकीकडे 2000, महिना शेकडा 1 व्याजाने. दुसरीकडे 1000, महिना शेकडा पाऊण व्याजाने. लेखात स्पष्ट म्हटलंय की हे पैसे परत करायचे नाहीत, फक्त व्याज भोगायचं. पहिल्या रकमेतून लेण्यात वर्षावास करणाऱ्या 20 भिक्खूंना प्रत्येकी 12 कार्षापण चीवरासाठी. आता वहीत मांडा: 2000 वर महिन्याला 20, वर्षाला 240. 20 भिक्खू गुणिले 12, बरोबर 240. एक कार्षापणही उरत नाही. दुसऱ्या रकमेचे वर्षाला 90 होतात, ते किरकोळ खर्चाला.

हा हिशेब पहिल्यांदा जुळला तेव्हा मला फार आनंद झाला होता. मग थोडी काळजी वाटली. 21 वा भिक्खू आला तर? कापड महागलं तर? योजनेत ढिलाई शून्य आहे. आणि वचन कापडाचं नाही, पैशांचं आहे. जुन्नरच्या दात्यांनी शेतं आणि झाडं दिली, म्हणजे वचन वस्तूंचं ठेवलं. भाव वाढला तर पिकाचाही वाढतो. दोन्हींत कमी-जास्त आहेच. पैसा हिशेबाला सोपा असतो. शेत महागाईला टिकतं, पण ते कुणीतरी कसावं लागतं.

कसलं नाही तर काय होतं, तेही नाशिकलाच कोरलेलं आहे. नहपानाची सत्ता मोडल्यावर गौतमीपुत्र सातकर्णीने आपल्या 18 व्या वर्षी पूर्वी उषवदाताकडे असलेलं 200 निवर्तनांचं शेत भिक्खूंना दिलं, कखडी गावात. सहा वर्षांनी, 24 व्या वर्षी, राजा आणि राजमाता यांच्या नावे गोवर्धनच्या अमात्याला आज्ञापत्र जातं: ते शेत कसलं जात नाही, गावातही वस्ती नाही, तेव्हा नगराच्या सीमेवरच्या आमच्या शेतातली 100 निवर्तनं त्यांना द्या. गाव ओस पडलं की हक्काच्या कागदाचं काय होतं हे आंबेगाव तालुक्याला वेगळं सांगायला नको. ज्या गावावरून तालुक्याचं नाव पडलं ते आंबेगाव डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे आणि कचेरी घोडेगावात.

200 ची 100 झाली यात तोटा दिसतो खरा, पण शहरालगतची कसती जमीन ओसाड गावातल्या दुप्पट जमिनीपेक्षा बरीच. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की तक्रार ऐकणारं कुणीतरी होतं, आणि काय दिलं होतं त्याची नोंद होती. उषवदाताच्या लेखातही दान निगमसभेत ऐकवलं आणि फलकांवर नोंदवलं असं आहे. दगडावरचा लेख ही त्या नोंदीची जाहीर प्रत म्हणायची.

औषधपाण्याचाही दाखला आहे. तिसऱ्या शतकात, आभीर राजा ईश्वरसेनाच्या काळात, विष्णुदत्ता या उपासिकेने आजारी भिक्खूंच्या औषधासाठी अक्षयनीवी ठेवली, आणि रक्कम एकाच ठिकाणी न ठेवता तेल्यांसकट वेगवेगळ्या श्रेणींमध्ये वाटली. एक धंदा बसला तर दुसरा तरेल, असा विचार असावा.

स्वतःच्याच म्हातारपणासाठी पैसे भरण्याचा अगदी जवळचा दाखला मात्र आपल्याकडचा नाही, मध्ययुगीन इंग्लंडचा आहे. तिथे ‘कॉरडी’ नावाचा हक्क विकत मिळायचा. मठाला एकरकमी पैसे किंवा जमीन द्यायची आणि मरेपर्यंत रोज ठरलेली भाकरी, ठरलेली बीअर, कधी खोली आणि सरपणही घ्यायचं. घेणाऱ्यासाठी सौदा उत्तम, विशेषतः मागेपुढे कुणी नसेल तर. गडबड मठाच्या बाजूने व्हायची. हाताशी आलेली रक्कम जुनं कर्ज फेडायला जायची, आणि माणूस अपेक्षेपेक्षा वीस वर्षं जास्त जगायचा. म्हणून बिशपांनी परवानगीशिवाय कॉरडी विकायला पुन्हा पुन्हा मनाई केली. पुन्हा पुन्हा केली, यावरूनच समजा की कुणी ऐकत नव्हतं. (मनाईचे हुकूम असेच वाचायचे असतात.) 1536 ते 1540 मध्ये मठच बरखास्त झाले, तेव्हा कॉरडीवाल्यांना आपले हक्क सरकारी न्यायासनापुढे सिद्ध करावे लागले.

कॉरडी आणि अक्षयनीवी यांत फरक एकच, पण निर्णायक. कॉरडीत मुद्दल खर्च होते आणि सेवा संस्थेच्या पुढच्या कमाईवर चालते. अक्षयनीवीत मुद्दल तिसऱ्याच्या हातात असते आणि सेवा तिच्या व्याजावर चालते.

चुलत्यांच्या माहितीपत्रकात लिफ्ट, रॅम्प, बाथरूममधले दांडे, नर्स, योगवर्ग सगळं होतं. ठेव कुठे राहणार, ते नव्हतं. केंद्र सरकारच्या गृहनिर्माण मंत्रालयाने 2019 मध्ये निवृत्तांच्या घरांसाठी आदर्श मार्गदर्शक तत्त्वं काढली, महारेराने 2024 मध्ये आपली. महारेराची तत्त्वं मुख्यतः इमारतीबद्दल आहेत: जिने, लिफ्ट, उजेड, रुंद दारं. ते हवंच. पण इमारत म्हणजे लेणं. लेणं दोन हजार वर्षं टिकतं. भिक्खूंचं चीवर श्रेणीच्या व्याजावर अवलंबून होतं.

मी त्यांना ‘घेऊ नका’ म्हटलं नाही. काकू गेल्यापासून ते एकटेच असतात, मुलगा परदेशी, आणि गावच्या घरी रात्री छातीत दुखलं तर मंचर गाठेपर्यंत काय होईल सांगता येत नाही. सोबतीची किंमत कोष्टकात बसत नाही. एवढंच म्हटलं की करारात बघा, देखभाल खर्च वाढवायचा अधिकार कुणाला आणि किती; सेवा देणारी कंपनी बदलली तर जुनी वचनं नव्या कंपनीवर बंधनकारक आहेत का; आणि सोडून जायचं झालं तर किती परत मिळेल, किती दिवसांत. आणि हे सगळं नोंदणीकृत कागदावर हवं, विक्री कचेरीतल्या तोंडी बोलण्यात नको. चुलते म्हणाले, ‘‘हे तर वकीलही सांगेल.’’ खरंय.

तुमच्यापैकी ज्यांना दानलेखांवर काम करायचंय त्यांनीही हेच प्रश्न लेखाला विचारावेत. ‘कोणी दिलं, कोणाला दिलं’ यावर बरंच लिहून झालंय. ‘कुणाकडे ठेवलं आणि बुडालं तर कोण भरणार’ यावर जुन्नरपुरतं तरी अजून काम करायला भरपूर जागा आहे. सुरुवात मनमोडीच्या अंबिका गटापासून करा. तिथल्या चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर शेतजमिनींच्या दानाचे लेख आहेत आणि ते चैत्यगृह अर्धवटच राहिलेलं आहे. सकाळी लवकर जा, मधमाश्यांच्या पोळ्यांखाली आवाज करू नका, आणि आधी छापील वाचन सोबत घेऊन मगच दगडाकडे बघा. नुसत्या डोळ्यांनी पहिल्या दिवशी काहीही लागत नाही.