भास्कराचार्यांच्या आधीचे सहा बाप

भुसावळजवळच्या दीपनगरात वाढणाऱ्या मुलाला पहिला हिरो शोधायला लांब जावं लागत नाही. वीजकेंद्राच्या चिमण्या कुठूनही दिसतात, आणि त्यांच्या खाली पप्पा ड्युटीवर असतात. नाइट शिफ्ट करून सकाळी घरी येणारा माणूस रात्रभर अख्ख्या जिल्ह्याचे दिवे सांभाळून आलाय, असं त्या वयात खरोखर वाटतं.

दुसरा हिरो शाळेतून मिळतो. चाळीसगावच्या दक्षिणेला, सह्याद्रीच्या कुशीत पाटणादेवी आहे. तिथे सहल गेली की सर सांगतात, भास्कराचार्य इथले, त्यांनी न्यूटनच्या पाचशे वर्षं आधी गुरुत्वाकर्षण सांगितलं. पुढे तेच वाक्य व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत येतं आणि आपण ते अभिमानाने पुढे ढकलतो. पण ज्या पाटणमुळे आपण भास्कराचार्यांना आपलं म्हणतो, तिथल्या शिलालेखाने त्यांचा मोठेपणा वेगळ्याच पद्धतीने मांडलाय. तो आधी त्यांच्या बापाचं नाव सांगतो, मग बापाच्या बापाचं.

हा लेख १२०७ सालचा. एकोणिसाव्या शतकात डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो अभ्यासकांसमोर आणला. त्यातली वंशावळ अशी: कविचक्रवर्ती त्रिविक्रम. त्याचा मुलगा भास्करभट्ट, ज्याला भोजराजाने ‘विद्यापती’ हा किताब दिला. मग गोविंद, प्रभाकर, मनोरथ आणि महेश्वर. त्यानंतर आपले भास्कराचार्य, त्यांचा मुलगा लक्ष्मीधर आणि नातू चांगदेव. लक्ष्मीधराला यादव राजा जैत्रपालाने आपल्या पदरी नेलं आणि पंडितांचा प्रमुख केलं. चांगदेव सिंघण यादवाचा मुख्य ज्योतिषी झाला.

म्हणजे भास्कराचार्य सातवे. त्यांच्या आधी सहा बाप उभे आहेत.

खुद्द भास्कराचार्यांना हे लपवायचं नव्हतं. जन्म शके १०३६, म्हणजे १११४ सालचा. वयाच्या छत्तिसाव्या वर्षी त्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणि’ लिहिला. त्याचे चार भाग: लीलावती, बीजगणित, ग्रहगणित आणि गोलाध्याय. बीजगणिताच्या शेवटी ते वडिलांचं, महेश्वरांचं नाव घेतात. आपल्याकडे जो ज्ञानाचा कण आहे तो वडिलांकडूनच मिळाला, असा त्याचा आशय. ब्रह्मगुप्त, श्रीधर, पद्मनाभ या जुन्या गणितींचे ग्रंथ समोर होते, हेही ते सांगतात.

त्यांचं सर्वांत अवघड काम घ्या. एका संख्येच्या वर्गाला ६१ ने गुणा, त्यात १ मिळवा, आणि उत्तर पुन्हा पूर्ण वर्गच आलं पाहिजे. प्रश्न दिसायला साधा आहे. सर्वांत लहान उत्तर मात्र २२,६१,५३,९८० इतकं मोठं. १६५७ साली फ्रान्सच्या फर्माने हेच कोडं युरोपातल्या गणितींना घातलं, तेव्हा भास्कराचार्यांचं उत्तर पाचशे वर्षं जुनं होतं. ते ज्या रीतीने काढलं तिला चक्रवाल म्हणतात. आणि ही रीतही त्यांच्या आधीच्या जयदेव नावाच्या गणितीकडे सापडते. भास्कराचार्यांनी ती पक्की केली आणि लख्ख मांडली.

गुरुत्वाकर्षणाचंही तसंच. पृथ्वी जड वस्तूंना आपल्याकडे ओढते म्हणून त्या पडताना दिसतात, हे गोलाध्यायात स्पष्ट आहे. चहूबाजूंना सारखंच आकाश असताना पृथ्वी स्वतः पडेल तरी कुठे, हा प्रश्नही आहे. ही झेप मोठी आहे. पण ओढ किती, अंतर वाढलं की ती किती घटते, चंद्रही तिनेच फिरतो का, याचा हिशोब न्यूटनचा. दोघांची शर्यत लावली की दोघेही नीट कळत नाहीत.

आता त्या लेखातली नावं पुन्हा वाचा. नऊ पिढ्या, नऊ पुरुष. एकही आई नाही, बहीण नाही, मुलगी नाही. चाळीसगाव तालुक्यातच गिरणाकाठी बहाळ गाव आहे. तिथल्या १२२२ सालच्या लेखात भास्कराचार्यांच्या भावाची, श्रीपतीची शाखा येते: मुलगा गणपती, नातू अनंतदेव. अनंतदेवही सिंघणाच्या दरबारी ज्योतिषी. तिथेही विद्या बापाकडून मुलाकडेच जाते.

मग लीलावतीचं काय? ती तर आपल्याला भास्कराचार्यांपेक्षाही आधी भेटलेली असते. गोष्ट आपण ऐकलेली आहे. मुलीच्या पत्रिकेत अशुभ योग होता. बापाने गणित करून लग्नाचा एकच मुहूर्त काढला आणि तो साधायला घटिकापात्र ठेवलं. मुलगी कुतूहलाने वाकली, अंगावरचा मोती पात्रात पडला, भोक बुजलं, घटका निघून गेली. मग बाप म्हणाला, तुझ्या नावाचं पुस्तक लिहितो, ते जगात राहील.

ही गोष्ट येते १५८७ साली अकबराच्या सांगण्यावरून फैजीने केलेल्या लीलावतीच्या फारसी भाषांतरातून, म्हणजे मूळ ग्रंथानंतर सव्वाचारशेहून अधिक वर्षांनी. १८१६ साली टेलरने लीलावती इंग्रजीत नेली आणि त्याबरोबर ही गोष्टही पसरली. ग्रंथात लीलावती नावाने हाक आहे, ‘बाले’ म्हणून हाक आहे, तशीच ‘मित्रा’, ‘सख्या’ अशीही आहे. ती मुलगी होती, पत्नी होती की मनातली विद्यार्थिनी, यावर अभ्यासकांचं एकमत नाही.

गोष्ट मानायची की नाही, हे ज्याचं त्याने ठरवावं. पण ती सांगते काय, ते बघा. मुलग्याला बापाने विद्या दिली आणि तो दरबारात पंडितांचा प्रमुख झाला. मुलीला मिळालं ते सांत्वन, तेही लग्न मोडलं म्हणून. तिला गणित आवडायचं का, येत होतं का, हे गोष्टीत कुणी विचारत नाही. नवल म्हणजे ग्रंथ मात्र तिला प्रश्नच विचारत राहतो. भुंग्यांच्या थव्यातला पाचवा भाग कदंबावर गेला, तिसरा भाग दुसऱ्या फुलावर, या दोन भागांमधल्या फरकाची तिप्पट कुड्याच्या फुलांवर, आणि एक भुंगा हवेतच घुटमळतोय. तर भुंगे किती? उत्तर पंधरा. ३, ५, ६ आणि १. ज्याला उत्तर येणारच नाही त्याला असा प्रश्न कुणी घालत नाही. गोष्टीतल्या लीलावतीपेक्षा ग्रंथातली लीलावती मला जास्त खरी वाटते, कारण तिथे ती विद्यार्थिनी आहे.

पाटणच्या लेखात आणखी एक गोष्ट आहे, आणि मुळात तो त्याचसाठी कोरला गेला. चांगदेवाने तिथे मठ काढला. आजोबांचे आणि घराण्यातल्या इतरांचे ग्रंथ तिथे शिकवले जावेत म्हणून. निकुंभ घराण्यातल्या सोइदेवाने त्या मठाला दान दिलं. लेखाचा बराचसा भाग संस्कृतात आहे, पण शेवटी दानाचा तपशील जुन्या मराठीत येतो, कारण तो बाजारातल्या माणसांना कळायला हवा होता. पाटणात जो माल विकायला येईल त्यावर गिऱ्हाइकाकडून राजवाड्याला मिळणारं उत्पन्न मठाला. जितके घाणे चालतील, त्यांच्याकडून पळी पळी तेल मठाला.

मला चांगदेवाचा मोठेपणा इथे दिसतो. सात पिढ्या ही विद्या बापाच्या मांडीवर शिकली गेली. नातवाला कळलं असणार की तेवढ्याने भागत नाही. एखाद्या पिढीत मुलगा नसला, किंवा असून त्याला गोडी नसली, तर सगळं संपतं. म्हणून त्याने विद्या घरातून काढून मठात नेली. मठाचं दार सगळ्यांना उघडं नव्हतं. ज्या तेल्याच्या पळीभर तेलावर तिथला दिवा जळायचा, त्याच्या पोराला आत बसवून घेतलं नसतं, आणि त्याच्या पोरीचा तर विचारही झाला नसता. पुढे मठही राहिला नाही. लीलावती राहिली, कारण देशभर लोक तिच्या पोथ्या उतरवत राहिले. कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञाने १५४५ मध्ये तिच्यावर ‘बुद्धिविलासिनी’ ही टीका लिहिली. तोही आपल्या बापाकडे, केशवाकडेच शिकलेला.

आज लीलावती फोनवर फुकट वाचता येते. त्यासाठी महेश्वराच्या घरी जन्मावं लागत नाही. तरीही कुणीतरी शेजारी बसून ‘सांग बरं, भुंगे किती?’ असं विचारावं लागतंच. पाटणादेवीला गेलात, तर भास्कराचार्यांबरोबर महेश्वराचं नाव आठवा. आणि घरी आल्यावर हा प्रश्न मुलाला घालाल, तेव्हा मुलीलाही घाला.