मृगाआधीचा फड

पगडी एका हाताने धरा आणि वाकून आत या. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाजाची मोठी दारं उघडतात ती हत्तीसाठी. तुमच्यासारख्या बिनपगारी उमेदवाराला दिंडी, आणि दिंडीच्या चौकटीवर पहिल्या दिवशी डोकं आपटलं नाही असा कारकून अजून पुण्यात जन्मायचा आहे. वर नगारखान्यात चौघडा चालू आहे. इतक्या जवळून ऐकला की तो कानात नाही, बरगड्यांत वाजतो. बाहेरच्या मैदानातून घोड्यांच्या लिदीचा वास तुमच्याबरोबर आत आला आहे, पण त्याची लाज बाळगू नका; इथे सगळ्यांनाच तो येतो.

साल १७८८. पाऊस यायचा आहे आणि अंगरखा पाठीला चिकटला आहे. मृग नक्षत्र लागलं की सरकारचं नवं महसुली साल सुरू होणार, म्हणजे त्याच्या आत जुन्या सालाचे हिशोब मिळाले पाहिजेत. तुम्ही कधी मार्च महिन्यात एखाद्या सीएच्या ऑफिसात पाऊल टाकलं असेल, तर फडावरचे चेहरे तुम्हाला ओळखीचे वाटतील. चहा मात्र मागू नका. तो इथे अजून कुणी पीत नाही.

फड म्हणजे लांबच लांब बैठक. हुजूर दफ्तरात दोनशेवर कारकून आहेत आणि आज बहुतेक सगळे हजर दिसताहेत. मांडी घालून, एक गुडघा उभा करून, त्यावर कागद टेकवून लिहायचं. अर्ध्या घटकेत तुमच्या पायाला मुंग्या येतील. पाय पसरलात तर पुढच्याच्या पाठीला लागेल. शाई, तपकीर, घाम आणि रुमालांत बांधलेल्या जुन्या कागदांचा कुबट वास एकमेकांत मिसळून गेले आहेत. बोरूंची करकर अखंड चालू आहे आणि तिच्याखाली एक गुणगुण आहे, देवळातल्या जपासारखी. नीट कान द्या. जप नाही तो. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी! माणसं तोंडाने पाढे म्हणत बेरजा करताहेत. तुमच्या खिशात यंत्र नाही. खरं तर खिसाच नाही.

तुमच्या शेजारी एक जुने कारकून बसले आहेत. डोळे मिचमिचे, बोटांची टोकं कायमची काळी. ते तुमच्याकडे न बघता म्हणतात, "कागद मोड आधी." जुन्नरी कागद उभ्या घड्या घालून मोडायचा, घड्यांच्या खुणा हेच रकाने. मग वर आडवी लांब रेघ ओढायची आणि मोडी अक्षरं बोरू शक्यतो न उचलता सोडत जायचं. सालाच्या जागी ते तुमच्याकडून 'समान समानीन मया व अलफ' असं लिहून घेतात. शेंडी-जानव्याचा माणूस अरबी आकडे इतक्या सवयीने सांगतो की तुम्हीच गोंधळता. आणि तुम्ही शाळेत शिकल्याप्रमाणे आधी कलमं लिहून खाली बेरीज करायला जाता, तेव्हा बोटांवर बोरूचा फटका बसतो. इथे बेरीज वर. आधी एकूण रक्कम, मग तिच्याखाली 'पैकी' म्हणत तिच्या फांद्या. कारभाऱ्याला वरची ओळ पुरते. संशय आला तरच तो खाली उतरतो.

नाना नेहमी खाली उतरतात, असं जुने कारकून कुजबुजतात.

आणि तेवढ्यात गुणगुण थांबते. कुणी पुकारा केलेला नाही. बाळाजी जनार्दन भानू, म्हणजे नाना फडणीस, आले आहेत एवढंच. उंच, शिडशिडीत, पांढरा अंगरखा, चेहऱ्यावर हसू शोधायला जाऊ नका. ते गादीवर टेकतात आणि गुणगुण पुन्हा सुरू होते, पण आता अर्ध्या आवाजात.

समोर एक कमाविसदार, म्हणजे महालाचा वसुली अंमलदार, उभा आहे. वर्षअखेरीचा हिशोब घेऊन दूरच्या महालातून आलेला, नवा शेला खांद्यावर, मानेवरून घाम. त्याच्या कागदावर शिबंदीचे पन्नास प्यादे आणि त्यांचा वर्षाचा पगार आहे. नाना काही बोलत नाहीत. त्यांच्या बाजूचा कारकून दुसरा रुमाल सोडतो. गाठ सुटायला वेळ लागतो, आणि त्या वेळात कमाविसदाराचा शेला दोनदा खांद्यावरून घसरतो. रुमालातून निघते त्याच महालाच्या फडणिसाने परभारे पाठवलेली हजिरी. तिच्यात प्यादे चाळीस.

खरी कळ इथे आहे, नीट बघून ठेवा. महालावर कमाविसदार सरकारचा, पण त्याच्या शेजारी बसणारे फडणीस, मुजुमदार, दफ्तरदार हे दरकदार त्याने नेमलेले नसतात आणि त्याला काढताही येत नाहीत. आकडा पुण्याला दोन वाटांनी येतो, आणि फडावर दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवले जातात. नाना एका ओळीवर बोट ठेवतात. बस्स. कमाविसदार बोलू लागतो; काही जण आजारी होते, चार जण पळाले, दोन वाघाने नेले. वाघाच्या वेळी मागच्या ओळीत कुणीतरी खोकतं. दहा प्याद्यांचा पगार कमाविसदाराच्या नावे बाकी पडतो आणि तुमच्या बोरूला काम लागतं.

दुपारी जेवणं होतात. आमटी-भात, ताक, कोकणातून आलेले आंबे. विडा लावता लावता जुने कारकून नानांची गोष्ट सांगतात, तीही जमाखर्चासारखी. चौदाव्या वर्षी वडील गेले आणि फडणिशी अंगावर आली. एकोणिसावं सरायच्या आत पानिपत. तिथून जीव वाचवून पायी पळाले, आई मात्र तिकडेच अंतरली. मग थोरले माधवराव मोहिमेवर निघाले की मागे पुण्यात हिशोब राखणारे हेच. नारायणराव पेशव्यांचा खून झाल्यावर बारा भाईंचं कारस्थान उभं राहिलं. पुरंदरावर त्यांच्या चाळीस दिवसांच्या पोराला पेशवाईची वस्त्रं मिळाली. बारा जणांतून एकेक वजा होत गेला. चुलतभाऊ मोरोबा, तेही फडणीसच, अटकेत. सखारामबापू कैदेत वारले. "बाकी एक," जुने कारकून म्हणतात आणि चुना पुसतात.

लोक पेशवाईतले साडेतीन शहाणे मोजतात तेव्हा नानांना अर्ध्यात धरतात, कारण तलवार नाही. मला ही मोजणी कधीच पटली नाही. ज्या राज्यात तलवारी उदंड होत्या, तिथे कोणाची फौज किती दिवस बिनपगारी उभी राहील हे एकाच माणसाला तोंडपाठ होतं. याला अर्धा म्हणायचं?

दुपारनंतर उन्हं तिरपी येतात आणि डोळे जड होतात. तुमच्यापुढे शिकारखान्याचा कागद येतो: पर्वतीच्या पायथ्याशी पाळलेल्या जनावरांचा चारा-दाणा. पुरंदरावर वस्त्रं मिळालेले ते पेशवे आता चौदा वर्षांचे आहेत, हरणांत रमतात. नानांनी फड हाती घेतला तोही चौदाव्या वर्षी, हे तुमच्या मनात येतं. ओठांवर आणू नका. मुलाला कोण भेटतं, तो काय बोलतो, याचीही बातमी नानांकडे पोचते. तीसुद्धा दोन वाटांनी, असं म्हणतात.

मग कोतवालीचा कागद. घाशीराम कोतवालाच्या चावड्यांवरचे दंड. जमा व्यवस्थित, कलमं जुळलेली, खाडाखोड नाही. जुने कारकून तो कागद इतरांपेक्षा लवकर बाजूला ठेवतात. तुम्ही बघता, तर ते नाक शिंकरतात. शहरात या माणसाबद्दल काय बोललं जातं ते त्यांना ठाऊक आहे. तुम्हालाही ठाऊक आहे, आणि पुढचंही: तीन वर्षांनी तो काही तेलंगी ब्राह्मणांना अरुंद कोठडीत कोंडेल, त्यांतले बरेच गुदमरून मरतील आणि पुणेकर त्याला दगडांनी ठेचतील. पण दुसऱ्या वाटेने आलेला कागद नाही, म्हणून फडावर शंका नाही. कमाविसदार वर पोचवतात त्या 'अंतस्थ' रकमेचंही तसंच. तिला रोजकीर्दीत ओळ नाही, आणि ती कुणाकुणाला पोचते हे उमेदवाराने विचारायचं नसतं. दहा प्यादे पकडणाऱ्या बोटाला या गोष्टी दिसल्या नसतील असं मला वाटत नाही. ते बोट तिथे ठेवलं गेलं नाही.

दिवेलागणीला समया येतात, तेलाचा वास वाढतो, डासही. रुमाल बांधता बांधता उशीर होतो. बुधवारातून चालताना चाफा, शेणसडा, कुठे तळणीचा वास. तुम्ही मोरी शोधत रेंगाळता. आणि तेवढ्यात रात्रीची तोफ होते.

तोफेनंतर रस्त्यावर असायचं नाही, हे तुम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं. दोन मशाली येतात. दंडाला धरून तुम्हाला चावडीवर नेतात, जिथे आधीच सात-आठ जण भिंतीला टेकून बसले आहेत आणि एकाला शिंका येताहेत. तुम्ही सांगता की मी नानांच्या फडावरचा. शिपाई हसतो, रोज रात्री अर्धं पुणं नानांच्या फडावरचं असतं.

चावडीचा कारकून पेंगुळलेला आहे. तो कागद मोडतो, वर आडवी रेघ ओढतो आणि दंडाची रक्कम लिहून टाकतो. मग बोरू शाईत बुडवून तुमच्याकडे बघतो: नाव काय, आणि गुन्हा काय लिहू?