पद्मिनीची परीक्षा

टॅक्सीवाला 'गाडी पासिंगला गेली आहे' म्हणतो, तेव्हा तो नकळत आपल्याच, म्हणजे शाळेच्या, भाषेत बोलत असतो. गाडी पास होते किंवा नापास होते. पण ती पास झाली म्हणजे नेमके काय सिद्ध झाले? मुंबईच्या काळ्या-पिवळ्या पद्मिनी टॅक्सीची हकिगत या प्रश्नासाठी फार उपयोगी आहे.

पद्मिनी ही उपनगराची लेक. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्सची स्थापना केली. तिचा कारखाना कुर्ल्याला, घाटकोपर-मुलुंडकडे जाणाऱ्या आजच्या लाल बहादूर शास्त्री मार्गावर होता. इटलीच्या फियाट कंपनीची ११०० ही गाडी १९५४ पासून तेथे तयार होऊ लागली. १९६४ साली तिचे 'डिलाइट' हे रूप आले आणि सत्तरच्या दशकात तिला आधी 'प्रेसिडेंट' व मग 'पद्मिनी' असे नाव मिळाले. इंजिन १०८९ घनसेंटिमीटरचे, शक्ती चाळीस अश्वशक्तीच्या आसपास, चारही चाकांना ड्रमचे ब्रेक. गंमत अशी की याच घराण्यातील एक वेगवान भाऊ, फियाट ११०० टी.व्ही., इटलीतील 'मिल्ले मिलिया' या प्रसिद्ध शर्यतीत धावत असे. बहिणीच्या नशिबी मात्र घाटकोपरची रहदारी आली! दोनदा आपटल्याशिवाय न लागणारे तिचे दार मुंबईकर वाचकांना आठवत असेल.

यंत्राची ठराविक काळाने तपासणी करावी ही कल्पना मोटारीपेक्षा जुनी आहे. १८६५ साली जर्मनीत मानहाइम येथील मद्यनिर्मितीच्या कारखान्यात बाष्पित्राचा स्फोट झाला. पुढच्याच वर्षी तेथील कारखानदारांनी बाष्पित्रे तपासण्यासाठी स्वतःची संस्था काढली. आज जर्मनीत मोटारी तपासणाऱ्या संस्थांचे मूळ अशा बाष्पित्र-मंडळांत आहे. ब्रिटनने १९६० साली दहा वर्षांहून जुन्या गाड्यांचे ब्रेक, दिवे व सुकाणू यंत्रणा तपासायला सुरुवात केली. नापास गाड्या इतक्या निघाल्या की वयाची अट झपाट्याने खाली आणावी लागली. १९६७ साली ती तीन वर्षांवर आली.

आपल्याकडे १९३९ च्या मोटार वाहन कायद्यातच भाड्याच्या व मालाच्या वाहनांना योग्यता प्रमाणपत्र सक्तीचे होते. १९८८ च्या कायद्याने ते कायम ठेवले. म्हणून टॅक्सी आणि अंधेरी-बोरिवलीची रिक्षा वारंवार पासिंगला जाते. खाजगी मोटारीची गोष्ट वेगळी. तिची नोंदणी पंधरा वर्षांची. त्या काळात धुराचे पी.यू.सी. प्रमाणपत्र सोडले तर ब्रेक किंवा सांगाडा कोणी तपासावा अशी सक्ती नाही. पुढे मात्र दर पाच वर्षांनी गाडी दाखवून नोंदणी वाढवावी लागते. जुनी गाडी विकत घेणाऱ्याच्या दृष्टीने ही मोठीच उणीव आहे. ब्रिटनमध्ये गाडीचा क्रमांक सांगितला की ती मागे कधी आणि कशात नापास झाली हे कोणालाही पाहता येते. आपल्या ग्राहकाला मात्र बहुधा विक्रेत्याच्या शब्दावर आणि ताज्या रंगावर भिस्त ठेवावी लागते.

आता तपासणीत काय मोजतात ते पाहू. ब्रेकचे उदाहरण वर्गात सहज करता येईल. समजा, ताशी ३० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी १३ मीटरमध्ये थांबली. ताशी ३० किलोमीटर म्हणजे सेकंदाला सुमारे ८.३ मीटर. वेगाचा वर्ग भागिले अंतराची दुप्पट केली की मंदन सेकंद-वर्गाला सुमारे २.७ मीटर येते, म्हणजे गुरुत्वत्वरणाच्या जेमतेम सव्वा पट नव्हे, पाव पटीहून किंचित अधिक. हेच मंदन राहिले तर ताशी ६० किलोमीटरवरून थांबायला १३ च्या दुप्पट नव्हे, चौपट, म्हणजे ५२ मीटर लागतील. चालकाच्या पायाला ब्रेकपर्यंत पोहोचायला लागणारा वेळ यात धरलेलाच नाही. विद्यार्थी 'दुप्पट' म्हणतात, मोठी माणसेही म्हणतात, आणि रस्ता ओलांडणाऱ्याचा जीव या फरकात अडकलेला असतो.

ब्रेक मोजता येतो, गंज मात्र लपतो. समुद्राच्या खाऱ्या दमट हवेत आणि पावसाच्या साचलेल्या पाण्यात गाडीचा तळ रंगाखालून खाल्ला जातो. वरून हात फिरवून ते कळत नाही. तपासनीसाला गाडीखाली जावे लागते, ठोकून पाहावे लागते. शिवाय पास झालेली गाडी त्या दिवशी पास झालेली असते. उद्या तिची ब्रेकची नळी फुटणार नाही अशी हमी कोणतेही प्रमाणपत्र देत नाही. सुरक्षितता आणि विश्वासार्हता या दोन निराळ्या गोष्टी आहेत. दर पावसाळ्यात बंद पडणारी गाडीही ब्रेकच्या परीक्षेत उत्तम गुण मिळवू शकते.

विश्वासार्हतेचा अभ्यास करणारे बिघाडांचे प्रमाण आणि वय यांचा आलेख काढतात. त्याचा आकार पुष्कळदा घंगाळासारखा येतो. सुरुवातीला निर्मितीतील दोषांमुळे बिघाड जास्त, मधे सपाट तळ, शेवटी झिजेमुळे पुन्हा चढ. हा चढ विसाव्या वर्षी येईल की तिसाव्या, हे देखभालीवर ठरते. पद्मिनीचे सुटे भाग कुर्ल्यात मिळत, गल्लीतला मिस्त्री तिचे इंजिन उतरवी, तळाला नवा पत्रा जोडी. वीस वर्षांनी तिच्यात मूळचे किती उरले असेल? अशा गाडीचे 'वय' नेमके कशाचे मोजायचे, हा आम्हाला खरोखरच अवघड वाटणारा प्रश्न आहे.

शासनाने उत्तर दिले ते कॅलेंडरचे. धुराबद्दलच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने दिलेल्या आदेशांनंतर टॅक्सी सी.एन.जी.कडे वळल्या. पुढे २००८ साली टॅक्सीचे वय २५ वर्षांपर्यंत, आणि २०१३ साली २० वर्षांपर्यंत मर्यादित झाले. या निर्णयाला आम्ही अडाणी म्हणणार नाही. हजारो टॅक्सींचा तळ प्रामाणिकपणे ठोकून पाहण्यापेक्षा नोंदणीची तारीख वाचणे सोपे आहे आणि तारखेला लाच देता येत नाही. शिवाय नव्या गाड्यांचे ब्रेक व धूर यांची प्रमाणे अधिक कडक आहेत. किंमत मात्र नीट राखलेल्या गाडीच्या मालकाने मोजली.

कुर्ल्याला पद्मिनीचे उत्पादन २००१ च्या सुमारास थांबले होते. टॅक्सी म्हणून शेवटची पद्मिनी ताडदेवच्या आर.टी.ओ.त २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली. तिची वीस वर्षे ऑक्टोबर २०२३ मध्ये भरली आणि ती रस्त्यावरून गेली. त्याच जातीची, त्याहूनही जुनी, पण खाजगी नोंदणीची पद्मिनी मात्र ब्रेक, दिवे आणि तळ दाखवून आणखी पाच वर्षांची मुदत मागू शकते.