वार्तेचा वेग आणि गांवाचें शहाणपण

सन १९१८ च्या ऑक्टोबर महिन्याची १५ वी तारीख, दिवस विजयादशमीचा. त्या दुपारीं शिर्डीच्या मशिदींत साईबाबांनीं देह ठेवला आणि गांवापुढें एक बिकट प्रश्न उभा राहिला. ज्या सत्पुरुषाला हिंदु आपला म्हणत आणि मुसलमानही आपला म्हणत, त्याचा देह ठेवावयाचा कोठें? कित्येकांचें म्हणणें, उघड्या जागेंत दफन करून त्यावर थडगें बांधावें. दुसऱ्या पक्षाचें म्हणणें, नागपूरचे बापूसाहेब बुटी यांनीं गांवांत बांधावयास घेतलेल्या वाड्यांतच समाधि व्हावी. हा वाद छत्तीस तास चालला, असें गोविंदराव दाभोलकरांच्या ‘श्रीसाईसच्चरितां’त नमूद आहे. कोपरगांवचे मामलेदार आले, लोकांचीं मतें घेण्यांत आलीं. वाड्याच्या बाजूस दुप्पट मतें पडलीं. तरीही प्रकरण नगरास कलेक्टरांकडे नेण्याचें ठरूं लागलें आणि काकासाहेब दीक्षित त्यासाठीं निघण्याच्या तयारीस लागले. तेवढ्यांत विरुद्ध पक्षानें संमति दिली व वाड्यांत समाधि झाली. तेंच आजचें समाधिमंदिर.

या प्रसंगीं डोकीं फुटलीं नाहींत, याचें श्रेय लोक बाबांच्या शिकवणीस देतात, आणि तें योग्यच आहे. परंतु इतिहासाच्या अभ्यासकानें आणखी एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. वाद करणारे सर्व लोक एकमेकांच्या डोळ्यांसमोर होते. ज्यानें मत दिलें, त्याला दुसऱ्या दिवशीं त्याच पेठेंत, त्याच विहिरीवर विरुद्ध पक्षाच्या माणसास तोंड द्यावयाचें होतें. शिवाय वाद सरळ धर्मावर फुटलेला नव्हता. रहात्याचे शेट खुशालचंद हे मुसलमान नसूनही उघड्या जागेच्या बाजूचे होते. राग येण्यास वेळ होता, तसा तो निवण्यासही होता. मुंबईस वा नागपुरास वार्ता पोंचून तेथील लोकांनीं आपापली भर घालण्यापूर्वींच गांवानें आपला निर्णय करून टाकला होता.

बाबांची कीर्ति पसरली तीही अशाच संथ गतीनें. दासगणूंनीं ती कीर्तनांतून गांवोगांव नेली. १९२३ पासून ‘श्रीसाईलीला’ मासिकानें ती वाचकांच्या घरीं पोंचविली. कीर्तनकार समोर उभा असे, मासिकावर संपादकाचें नांव असे. चूक झाली तर विचारावें कोणास, हें ठाऊक असे. पुढें शिर्डी झपाट्यानें पालटली. २००९ सालीं आगगाडी आली, २०१७ सालीं विमानतळ झाला. आणि या दोहोंच्या दरम्यान प्रत्येकाच्या खिशांत असें एक यंत्र आलें, कीं ज्यायोगें कोणीही मनुष्य, नांव न सांगतां, क्षणार्धांत हजारोंशीं बोलूं शकतो.

मात्र जुना काळ सर्वस्वीं शांतीचा होता, असें मानणें हा भाबडेपणा होईल. मे २०१५ मध्यें याच शिर्डींत एका दलित तरुणाचा खून झाला. त्याच्या मोबाइलवर डॉ. आंबेडकरांच्या गौरवाच्या गाण्याची धून वाजली, यावरून कांहीं तरुणांनीं कुरापत काढली, असें त्या वेळच्या तक्रारींत व वृत्तपत्रांत आलें होतें. समाजमाध्यमांना दोष देणाऱ्यांनीं या घटनेचा नीट विचार करावा. येथें अफवा नव्हती, खोटें चित्र नव्हतें, कोणाची निंदाही नव्हती. होता तो केवळ एका माणसाचा आपल्या उद्धारकर्त्याविषयींचा आदर, आणि तो ऐकूं आला इतकेंच. पिढ्यान्‌पिढ्या ज्यांना मान खालीं घालून चालावें लागलें, त्यांची शांतता ही शांति नव्हती, तें मौन होतें. नव्या यंत्रानें त्या मौनास वाचा दिली. वैर यंत्रानें निर्माण केलें नाहीं. तें आधींच होतें.

परंतु यंत्रानें वैराला एक गोष्ट दिली, ती म्हणजे वेग. १ जुलै २०१८ रोजीं धुळें जिल्ह्यांतील राईनपाडा येथें आठवडे बाजाराच्या दिवशीं नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या पांच भटक्या माणसांना जमावानें ठार मारलें. मुलें पळविणारी टोळी फिरत आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून घरोघर पोंचली होती. हे लोक भिक्षा मागत गांवोगांव हिंडणारे. पूर्वीं त्यांना दारीं पाहून कोणी भ्यालें नसतें. त्याच सुमारास मालेगांवांतही अशाच संशयावरून एका कुटुंबावर जमाव धांवला. पण तेथें एका घरानें त्यांना आंत घेऊन दार लावलें, पोलीस आले, आणि जीव वांचले. अफवा एकच, भेद पडला तो एका बंद दारानें मिळवून दिलेल्या अवधीचा. त्याच महिन्यांत व्हॉट्सअ‍ॅपनें हिंदुस्थानांत एक निरोप एका वेळीं पांचांहून अधिक ठिकाणीं पुढें धाडण्यास बंदी घालण्याचें जाहीर केलें. म्हणजे यंत्र चालविणारांनाही अवधीचें मोल पटलें, पण पांच बळी गेल्यानंतर!

अवधि मिळाला तर काय होतें, याचेंही उदाहरण शिर्डीच पुरविते. जानेवारी २०२० मध्यें मुख्यमंत्री उद्धव ठाकरे यांनीं परभणी जिल्ह्यांतील पाथरी हें बाबांचें जन्मस्थान म्हणून त्याच्या विकासासाठीं शंभर कोटि रुपयांची घोषणा केली. ज्या बाबांनीं आपली जात वा जन्मगांव कधीं स्पष्ट सांगितलें नाहीं, त्यांच्या जन्मावरून दोन गांवें समोरासमोर उभीं राहिलीं. १९ जानेवारीस शिर्डीनें बंद पाळला. दुकानें मिटलीं, परंतु मंदिर उघडें राहिलें आणि दर्शन चालूच होतें. बोलणें करण्याचें निमंत्रण येतांच बंद मागें घेण्यांत आला व दुसऱ्या दिवशीं मुंबईस बैठक झाली. जी गोष्ट १९१८ सालीं मामलेदारांसमोर झाली, तीच येथें मुख्यमंत्र्यांसमोर झाली: विरोधक प्रत्यक्ष बसून बोलले.

वार्तेची गति आतां मागें वळणार नाहीं, आणि वळूंही नये. कारण तिच्याच बळावर अनेक मुक्यांना वाणी मिळाली आहे. परंतु १९१८ सालीं जो अवधि अंतरामुळें आपोआप लाभत होता, तो आतां प्रत्येकास स्वतःच्या मनांत निर्माण करावा लागेल. निरोप खरा कीं खोटा, तो कोणी धाडला, तो पुढें गेल्यास कोणाच्या दारीं जाऊन थडकेल, एवढा विचार करण्यास क्षणभरच लागतो. राईनपाड्यास तेवढा क्षण मिळाला नाहीं.