पोकळ बैल ते तीन हजार मिलिमीटर

गेल्या एप्रिलमध्ये पुण्याबाहेरच्या एका माळावर मी एका टिटवीला पंधरा मिनिटं तिच्या अंड्यांपासून लांब ठेवलं. तेव्हा मला ते कळलंही नाही. गळ्यात सेकंडहँड घेतलेला निकॉन पी९०० होता. टिटवी डोक्यावर घिरट्या घालत जिवाच्या आकांतानं ओरडत होती आणि मी मनात म्हणत होतो, वा, आज फ्लाइट शॉट मिळणार. मग पायापासून चारेक फुटांवर, खड्यांच्या खळग्यात, खड्यांसारखीच दिसणारी चार अंडी दिसली. त्यांचाही फोटो हवाच. पण इतक्या जवळून झूमच्या लांब टोकाला फोकस होईना. म्हणून सगळा झूम आत घेतला आणि कुठल्याही मोबाइलनं निघाला असता असा फोटो काढला.

घरी येऊन वाचलं, की एप्रिलच्या उन्हात टिटवी अंड्यांवर बसते ती नुसती ऊब द्यायला नाही, सावली धरायलाही. कधी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवून आणते आणि ओल्या अंगानं अंड्यांवर बसते. मी तिथे उभा होतो तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते.

चाळीस पावलांवरून तिचा डोळा टिपू शकेल असा कॅमेरा गळ्यात असताना मी चार फुटांवर का गेलो? हा प्रश्न डोक्यातून जाईना. म्हणून ही लांब पल्ल्याची भिंगं मुळात आली कुठून, ते शोधायला लागलो.

आधी बंदूक होती

एकोणिसाव्या शतकात पक्षी अभ्यासायचा म्हणजे तो आधी पाडायचा. हातात आलेला पक्षी मोजता यायचा, कातडं काढून, पेंढा भरून, लेबल लावून कपाटात ठेवता यायचा. दुर्बिणीतून पाहिलेल्या पक्ष्याला पुरावा म्हणून किंमत नव्हती. ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम, ज्यांचं नाव आपण काँग्रेसच्या स्थापनेमुळे शाळेत पाठ करतो, त्यांनी १८८५ मध्ये ब्रिटिश म्युझियमला दिलेल्या संग्रहात कातडी, घरटी, अंडी मिळून ऐंशी हजारांहून जास्त नमुने होते. सालिम अलींची सुरुवातही बंदुकीनंच झाली. लहानपणी एअरगननं पाडलेली पिवळ्या गळ्याची चिमणी ओळखायला ते मुंबईच्या बीएनएचएसमध्ये गेले आणि तिथून पुढचं आयुष्य बदललं.

गंमत म्हणजे उडत्या पक्ष्यासाठी बनवलेला एक फार महत्त्वाचा कॅमेराही बंदूकच होता. फ्रान्सच्या एत्येन-ज्युल मारे या शरीरशास्त्रज्ञाला पंख कसे हलतात हे पाहायचं होतं. १८८२ मध्ये त्यानं रायफलसारखा दिसणारा, खांद्याला लावून चाप ओढायचा कॅमेरा तयार केला. एका सेकंदात बारा फोटो. गोळी न सुटता पक्षी ‘टिपला’ जायचा. आपण आजही फोटो ‘शूट’ करतो म्हणतो तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे मारेची ही बंदूक येते.

बैलाच्या पोटातले भाऊ

पण रानातल्या पक्ष्याचा जवळून, स्पष्ट फोटो हवा असेल तर त्या काळी एकच मार्ग होता: जवळ जाणं. काचेच्या प्लेटा, जड कॅमेरा, मंद भिंगं. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या रिचर्ड आणि चेरी कीर्टन या भावांनी हे जवळ जाणं कुठल्या कुठे नेलं. १० एप्रिल १८९२ ला त्यांनी थ्रश पक्ष्याच्या घरट्याचा, आत अंडी असलेला फोटो काढला. १८९५ मध्ये त्यांचं ‘ब्रिटिश बर्ड्स नेस्ट्स’ हे पुस्तक आलं. त्यातली चित्रं काढलेली नव्हती, प्रत्यक्ष जागेवर जाऊन घेतलेले फोटो होते.

रिचर्ड लहानपणी घरटी शोधताना पडला होता आणि त्याचा पाय कायमचा अधू झाला होता. तरी हे दोघे कड्यांवरून दोरानं उतरायचे, शिडीवर शिडी बांधून झाडांवर चढायचे. १९०० मध्ये त्यांनी सगळ्यांवर कडी केली. बैलाचं कातडं एका सांगाड्यावर चढवून पोकळ बैल बनवला. एक जण कॅमेऱ्यासकट आत शिरायचा आणि बैल कुरणात उभा. गाई-बैलांची सवय असलेले पक्षी त्याच्याजवळ निवांत चरायचे. आतल्या माणसाचा मात्र उकाड्यात जीव जायचा. एकदा तो बैल आतल्या माणसासकट उलटला, चारही पाय वर. त्याचाही फोटो आहे.

मला हा बैल हास्यास्पद वाटत नाही. त्या भावांना एक गोष्ट पक्की कळली होती: माणूस दिसला की पक्ष्याचं वागणं बदलतं. लांबून पाहता येत नसेल तर निदान माणूस म्हणून दिसायचं नाही. पुढे कापडाचं लपण, ज्याला आपण हाइड म्हणतो, तेच करू लागलं.

जवळ जाण्याची किंमत कधी फोटोग्राफरही मोजायचा. १९३७ मध्ये एरिक हॉस्किंग हा तरुण ब्रिटिश फोटोग्राफर वेल्समध्ये एका घुबडाच्या घरट्याचे फोटो काढत होता. रात्री लपणाकडे चढत असताना घुबडानं चेहऱ्यावर झेप घेतली आणि त्याचा डावा डोळा गेला. त्यानं काम सोडलं नाही, विसाव्या शतकातल्या सगळ्यात नावाजलेल्या पक्षी-फोटोग्राफरांपैकी एक झाला. १९७० मध्ये आलेल्या आत्मचरित्राचं नावही त्यानं ‘ॲन आय फॉर अ बर्ड’ ठेवलं. लोक ही गोष्ट धाडस म्हणून सांगतात. मला मात्र आता ते घुबड आणि माझी टिटवी एकच वाटतात. दोघी घर राखत होत्या. एकीकडे नख्या होत्या, दुसरीकडे नुसता आवाज.

अंतर कापणारं भिंग

लांबची वस्तू मोठी करायची युक्ती फोटोग्राफीहून जुनी आहे. बहिर्गोल भिंगामागे योग्य जागी अंतर्गोल भिंग ठेवलं तर पडद्यावर मोठी प्रतिमा मिळते, हे केपलरनं १६११ मध्येच मांडलं होतं. १८३० च्या दशकात वुलिचच्या लष्करी अकादमीतले गणिताचे शिक्षक पीटर बार्लो यांनी दुर्बिणीसाठी असं अंतर्गोल भिंग वापरलं. आकाशदर्शनाला जाणाऱ्यांना ‘बार्लो लेन्स’ माहीत असेल; तीच ही. १८९१ मध्ये लंडनचा थॉमस डॉलमायर आणि जर्मनीतले स्टाइनहाइल आणि मीटे अशा तिघांनी एकाच वर्षी, एकमेकांपासून स्वतंत्रपणे, कॅमेऱ्यासाठी टेलिफोटो भिंग तयार केलं. पुढे बहिर्गोल गट, मागे अंतर्गोल.

आज लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्ये बसवतात तो डबीएवढा टेलिकन्व्हर्टर म्हणजे हाच मागचा अंतर्गोल गट, सुटा काढलेला. १९६० च्या दशकात जपानी कंपन्यांनी असे दुप्पट करणारे कन्व्हर्टर स्वस्तात विकायला सुरुवात केली. ज्यांना मोठी लेन्स परवडत नव्हती, त्यांच्या हातात अचानक दुप्पट पल्ला आला.

पण प्रकाशाचा हिशोब चुकत नाही. ३०० मिमी एफ/४ लेन्समागे २ एक्स कन्व्हर्टर लावला की ती ६०० मिमी होते. प्रतिमा लांबीत दुप्पट, रुंदीत दुप्पट, म्हणजे तेवढाच प्रकाश चौपट जागेवर पसरतो. म्हणून ती एफ/४ राहत नाही, एफ/८ होते. फोटोग्राफरांच्या भाषेत दोन स्टॉप गेले. १.४ एक्स लावला तर ४२० मिमी एफ/५.६, एक स्टॉप गेला. शिवाय भिंगातले दोषही तितकेच मोठे होतात, हाताची थरथरही. कमी प्रकाशात ऑटोफोकस चाचपडायला लागतो. जुने डीएसएलआर तर बहुतेक एफ/५.६ च्या पुढे फोकस करायचंच सोडून द्यायचे. आम्ही कोडमध्ये ज्याला ट्रेड-ऑफ म्हणतो, तो इथे भौतिकशास्त्रानं घालून दिलेला आहे आणि कुठलंही अपडेट तो काढू शकत नाही.

दुसऱ्या जातीचा कन्व्हर्टर लेन्सच्या पुढे बसतो. रचनेनं ती गॅलिलिओची छोटी दुर्बीणच: पुढे बहिर्गोल, मागे अंतर्गोल. त्यात एफ-आकडा फारसा बिघडत नाही, पण पुढचं भिंग मोठं आणि जड लागतं. पंधरा-वीस वर्षांपूर्वी बारा पट झूमच्या कॅमेऱ्यांवर लोक ऑलिंपसचा १.७ एक्स असा पुढे चढवायचे. २०२५ मध्ये व्हिवोनं एक्स२०० अल्ट्रा या फोनसोबत २.३५ एक्सचा असाच कन्व्हर्टर आणला. खिशातल्या फोनवर चारशे वर्षांपूर्वीची कल्पना.

लहान सेन्सरची करामत

१९९९ मध्ये मलेशियाच्या लॉरेन्स पो या पक्षीनिरीक्षकानं डिजिटल कॅमेरा स्पॉटिंग स्कोपच्या डोळ्याला लावून पाहिला. फोटो चांगले आले. या पद्धतीला पुढे ‘डिजिस्कोपिंग’ नाव पडलं आणि जगभर लोक घरच्या कॅमेऱ्यांना पाइपाचे तुकडे जोडून प्रयोग करू लागले.

मग सुपरझूम आले. २०१५ चा पी९०० खोक्यावर २००० मिमी सांगतो, २०१८ चा पी१००० तर ३००० मिमी. हे आकडे ‘समतुल्य’ आहेत. पी९०० च्या भिंगाची खरी लांबी ३५७ मिमी आहे. सेन्सर नखाहून लहान असल्यामुळे तो प्रतिमेचा मधला छोटासा तुकडाच पाहतो, म्हणून दृश्य २००० मिमीइतकं अरुंद दिसतं. लांब टोकाला त्याचा एफ-आकडा ६.५, म्हणजे प्रकाश आत येण्याचं दार साधारण ५५ मिमी रुंद. व्यावसायिक ६०० मिमी एफ/४ लेन्सचं दार १५० मिमी. क्षेत्रफळात सातपटींहून मोठं. म्हणूनच ती लेन्स काही लाखांना मिळते आणि तिच्यात पहाटेच्या अंधारातही पीस न् पीस दिसतं, तर माझ्या फोटोत ढग आला की खसखस सांडते.

तरीही मी या कॅमेऱ्याला नावं ठेवणार नाही. मला खंड्या, वेडा राघू आणि धोबी यांच्यातला फरक त्यानंच शिकवला. पक्षी ओळखायला, नोंद करायला असा फोटो पुरतो. आणि नोंद ही छोटी गोष्ट नाही.

रानपिंगळ्याचा पुरावा

ती किती मोठी असू शकते हे आपल्या नंदुरबारमध्ये दिसलं. रानपिंगळा हे मध्य भारतातलं छोटं घुबड. खानदेशात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्यानं १८८४ मध्ये त्याचे शेवटचे खात्रीचे नमुने मिळवले. त्यानंतर १९१४ चं लेबल असलेला एक नमुना रिचर्ड माइनर्ट्‌झहागन या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याच्या संग्रहात होता, गुजरातमधला. पामेला रासमुसेन या अमेरिकी अभ्यासक बाईंनी तो तपासला आणि उघड केलं, की तो डेव्हिडसनचाच चोरलेला नमुना आहे, नव्यानं शिवलेला आणि खोटं लेबल लावलेला. म्हणजे गुजरातचा तो पत्ताच बनावट होता.

नोव्हेंबर १९९७ मध्ये रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट यांना शहाद्याजवळच्या जंगलात रानपिंगळा दिसला. ११३ वर्षांनी. त्यांनी फोटो काढले, व्हिडिओ घेतला. जगानं ते मान्य केलं. घुबड फांदीवरच राहिलं.

मला या घटनेत दोन्ही काळ समोरासमोर दिसतात. मारलेल्या पक्ष्याचं कातडं खोटं बोललं आणि जिवंत पक्ष्याचा फोटो खरं. कीर्टन भावांनी बैलाच्या पोटात बसून ज्याची सुरुवात केली, ते इथे पूर्ण झालं होतं: पक्षी न पाडता, त्याच्या अंगाला हात न लावता सिद्ध करता येतो.

वाढलेला पल्ला कुणाचा?

मग माझं काय चुकलं? लांब भिंगानं जे अंतर मिळवलं, ते खरं तर पक्ष्याचं होतं. चाळीस पावलांवरून फोटो निघतो, म्हणजे ती चाळीस पावलं आता पक्ष्याला मोकळी मिळायला हवीत. आपण उलटं करतो. ४०० मिमीवर पक्षी फ्रेममध्ये छोटा दिसतो म्हणून जवळ जातो, मग ६०० घेतो आणि नुसता डोळा हवा म्हणून पुन्हा तितकेच जवळ. रविवारी पाणवठ्यांवर हे बघायला मिळतं. रोहितांचा थवा उडावा म्हणून नाव त्यांच्या अंगावर घालायला सांगणारे आणि एका घुबडाच्या ढोलीभोवती अर्धवर्तुळात उभे राहिलेले, सगळ्यांच्या हातात लांबच लांब लेन्स. मीही त्यातलाच होतो. आता बऱ्याच स्पर्धा घरट्यांचे फोटो घेत नाहीत, ते यासाठीच.

आठवड्यानं मी त्या माळावर परत गेलो. या वेळी लांबच्या बांधावर थांबून झूमनं पाहिलं. खळगा रिकामा होता. टिटवीची पिल्लं अंड्यातून बाहेर आली की लगेच चालू लागतात, त्यामुळे रिकामा खळगा चांगलाही असू शकतो आणि वाईटही. तो पाहून दोन्हींतलं काय झालं ते सांगता येत नाही. तेच मला जास्त टोचतं.

आता मी एक साधी गोष्ट पाळतो. पक्षी माझ्याकडे बघून ओरडायला लागला किंवा करत होता ते काम थांबवून मान वर काढून उभा राहिला, की दहा पावलं मागे. तिथून फोटो येत नसेल तर नाही. उन्हं चढली की जमिनीवरची तापलेली हवा थरथरते आणि लांबचा फोटो तसाही पाणी मारल्यासारखा येतो, म्हणून नऊनंतर कॅमेरा बॅगेत. त्या दिवशीचा अंड्यांचा फोटो मी कुठेही टाकलेला नाही. फोनमधून काढूनही टाकलेला नाही.